अँबॅसिडरचं लोखंडी हेड, अनलेडेड पेट्रोल आणि उद्यमनगरातलं सीटचं काम

पूर्ण वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकतो. लेड सबस्टिट्यूटच्या (पेट्रोलमध्ये शिशाऐवजी टाकायच्या औषधाच्या) बाटलीला पाचपैकी दोन स्टार, आणि हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणात, एक्झॉस्ट व्हॉल्वच्या नवीन कडक सीटा बसवून घेण्याच्या कामाला साडेचार. एक्झॉस्ट व्हॉल्व म्हणजे जळालेला गॅस बाहेर सोडणारा, आणि सीट म्हणजे बसायची नव्हे, व्हॉल्व बंद होताना ज्या कडेवर टेकतो ती. अर्धा स्टार का कापला ते पुढे येईलच. गाडी म्हणाल तर मार्क थ्री अँबॅसिडर, १४८९ सीसीचं मूळ पेट्रोल इंजिन. हे मुद्दाम सांगतोय, कारण पेट्रोलवाल्या अँबीच आता कमी राहिल्यात, बऱ्याच जणांनी मधल्या काळात डिझेल इंजिन टाकून घेतलं आणि मग विषयच मिटला त्यांचा.

जुन्या गाडीचं नाव काढलं की कोणीतरी लगेच सांगायला येतंच, "शिसं नाही ना आता पेट्रोलमध्ये, व्हॉल्व जळणार बघ तुझे." आणि दुसरा कोणीतरी म्हणतो काही होत नाही रे, पंचवीस वर्षं चालतायत की सगळ्या. गंमत अशी आहे की दोघंही अर्धे अर्धे बरोबर आहेत, आणि तुमची गाडी कुठल्या अर्ध्यात येते हे कोणीच विचारत नाही. पहिला माणूस जे सांगतो ते बहुतेक वेळा इंग्लंडातल्या एमजी आणि मॉरिस या जुन्या गाड्यांवाल्यांचं ऐकून असतं, जे मोटरवेवर गाडी तास तास ताणतात. दुसऱ्याची गाडी महिन्यातून दोनदा कोल्हापुरातल्या महाद्वार रोडपर्यंत जाऊन येते.

आता थोडी मागची गोष्ट, कारण त्याशिवाय बाटलीत काय आहे आणि काय नाही ते कळत नाही. १९२१ साली जनरल मोटर्समध्ये थॉमस मिजली नावाच्या इंजिनिअरला सापडलं की टेट्राएथिल लेड हे शिशाचं रसायन पेट्रोलमध्ये जरासं टाकलं की इंजिन नॉक करायचं, म्हणजे आतलं पेट्रोल भलत्या वेळी पेटून ठकठकायचं थांबतं. हाच तो माणूस ज्याने पुढे फ्रिजमधला फ्रिऑन गॅसही आणला, म्हणजे शिसं हवेत आणि वर ओझोनला भोक, दोन्ही एकाच डोक्यातून. असो. शिसं टाकलं ते ऑक्टेन, म्हणजे पेट्रोलची नॉक न होण्याची ताकद, वाढवायला. पण त्याने एक दुसरं काम फुकटात करून दिलं जे कोणी मागितलंच नव्हतं. जळालेल्या शिशाचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्वच्या सीटवर बसायचा आणि व्हॉल्व आणि सीट यांच्यामध्ये गादीसारखा राहायचा. त्या थराच्या जिवावर कंपन्यांनी साध्या बिडाच्या हेडमध्येच सीट कापली, वेगळी कडक रिंग बसवायचा खर्च वाचवला. आमच्या अँबीचं बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिन त्यातलंच.

आपल्याकडे १९९४ मध्ये चार महानगरांत कमी शिशाचं पेट्रोल आलं, १ एप्रिल १९९५ पासून त्याच शहरांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवाल्या (धूर साफ करणारा डबा असलेल्या) नव्या गाड्यांसाठी अनलेडेड, म्हणजे बिनशिशाचं, आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद. जगात सगळ्यात शेवटी अल्जेरियाने २०२१ मध्ये बंद केलं. बंद केलं ते उत्तमच झालं, पोरांच्या रक्तात शिसं जात होतं, त्याच्यापुढे माझ्या व्हॉल्वची काय किंमत. हे लिहून ठेवतो, नाहीतर जुन्या गाडीवाले म्हणजे शिशासाठी रडणारे असं लोकांना वाटतं.

तर शिसं गेलं, मग होतं काय? एक्झॉस्ट व्हॉल्व लालबुंद तापतो. तो सीटवर आपटला की त्या गरमीत दोन्ही धातू कणाकणाने एकमेकाला चिकटतात, व्हॉल्व उघडताना तेवढे कण सीटमधून उपटून निघतात, आणि ते कण व्हॉल्वच्या तोंडावर बसून पुढच्या ठोक्याला पॉलिश पेपरसारखे घासतात. असं होत होत व्हॉल्व हेडमध्ये आत आत बसत जातो. आणि इथं एक गोष्ट लक्षात ठेवा जी मला वाटतं सगळ्यात उपयोगाची आहे: व्हॉल्व आत गेला की त्याची दांडी वर येते, तिला वरून दाबणाऱ्या रॉकरमधली फट (हिलाच टॅपेटची फट म्हणतात) कमी होते, म्हणजे टॅपेटचा आवाज वाढत नाही, उलट गप्प होतो. जुन्या अँबीचे टॅपेट टकटक करत असतील तर ते नॉर्मल आहे. काहीही न करता इंजिन अचानक गोड वाजायला लागलं तर खूश होऊ नका, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) काढा. फट शून्यावर आली की व्हॉल्व पूर्ण बंदच होत नाही, गरम गॅस तिथून शिट्टी मारत निघतो आणि मग खरोखर व्हॉल्व जळतो.

हे सगळ्या जुन्या गाड्यांना लागू नाही, हे कोणी सांगतच नाही. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर त्यात सीट वेगळी बसवलेलीच असते, मऊ ॲल्युमिनियमवर थेट व्हॉल्व आपटून चालणारच नाही. त्यामुळे पद्मिनीवाल्यांनी, म्हणजे फियाट अकराशेवाल्यांनी, एवढी झोप उडवून घ्यायची गरज नाही. अडचण आहे ती लोखंडी हेडवाल्यांची, म्हणजे आमची अँबी, मॉरिस मायनर, स्टँडर्ड हेराल्ड, जुन्या एमजी वगैरे. त्यातही सिटीत चाळीसने फिरणाऱ्याला नाही, तर लोड देऊन सलग पळवणाऱ्याला. पुण्याहून कोल्हापूरला येताना चार माणसं आणि सामान घेऊन खंबाटकी चढा, किंवा मे महिन्यात रत्नागिरीहून आंबा घाट चढून या, तिथं व्हॉल्वची खरी परीक्षा. घरापासून रंकाळ्यापर्यंतच्या फेरीत व्हॉल्वला कसलाच त्रास नाही.

आता बाटली. मी घेतलेली बाटली बाहेरच्या देशातली, ऑनलाइन मागवलेली, नाव लिहीत नाही कारण माझं म्हणणं त्या एका ब्रँडबद्दल नाहीये, या सगळ्या प्रकाराबद्दल आहे. या बाटल्यांमध्ये शिशाच्या जागी दुसरं काहीतरी असतं, पोटॅशियम, सोडियम, फॉस्फरस किंवा मँगनीज यांपैकी एक. खोटं औषध म्हणता येणार नाही हं, कारण इंग्लंडमधल्या जुन्या गाड्यांच्या क्लबांच्या फेडरेशनने १९९९ मध्ये मायरा या टेस्टिंग संस्थेत इंजिनं बांधून अशा बाटल्या तपासल्या होत्या आणि या चारही प्रकारांतल्या काही पास झाल्या. म्हणजे मापात टाकल्या तर सीटची झीज त्या रोखतात.

मग दोन स्टार का? पहिलं म्हणजे प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना मोजून टाकायची. बाटलीच्या टोपणाला माप आहे म्हणतात पण पंपावर मागे रिक्षावाला हॉर्न मारतोय, पोरगा विचारतोय "काका हे काय टाकताय?", आणि आपण टोपणात मिलिलिटर बघतोय. हातावर सांडली की वास दिवसभर जात नाही. दुसरं, संपली की परत मागवायची आणि येईपर्यंत तसंच चालवायचं. तिसरं, आणि हेच मोठं, टाकल्यावर काहीही कळत नाही. गाडी तशीच चालते, ॲव्हरेज तेच, पिकअप तोच. माझी मँगनीजवाली होती, त्यामुळे एवढाच फरक दिसला की प्लग काढले तर त्यांच्या टोकाला विटेसारखा लालसर रंग. यात बाटलीचा दोष नाही, काम झालं तरी जाणवणार नाही अशीच ती चीज आहे, फक्त टॅपेटची फट दर काही महिन्यांनी मोजून वहीत लिहिली तरच कळतं. पण मग जो माणूस वहीत फट लिहितोय त्याला झीज सुरू झालीय की नाही हे बाटलीशिवायही कळणार आहे ना!

शिवाय बाटलीवर "ऑक्टेन बूस्टर" असंही मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, आणि त्याचेच जास्त पैसे लावतात. अँबीच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन एवढं कमी आहे की त्याला ऑक्टेनची भूकच नाही, आजचं पंपावरचं साधं पेट्रोल तिच्यासाठी भरपूर आहे. नॉक करत असेल तर आधी टायमिंग बघा, डिस्ट्रिब्युटरचा ॲडव्हान्स अडकलाय का बघा, पिस्टनवर कार्बन किती बसलाय बघा. आणि हो, दोन वेगळ्या केमिकलच्या बाटल्या एकात एक मिसळायच्या नसतात, अर्धी ही अर्धी ती असं करणारे लोक मी बघितलेत.

आपल्याकडचा देशी उपाय म्हणजे टाकीत थोडं टूटी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल. जुन्या मेकॅनिकांपैकी निम्मे तरी हाच सल्ला देतात. त्याने वरच्या भागाला, इनलेट (मिश्रण आत घेणाऱ्या) व्हॉल्वच्या गाइडला, म्हणजे दांडी सरकते त्या नळीला, थोडं तेल मिळत असेल, पण एक्झॉस्टच्या सीटवर त्या तापमानाला ते तेल टिकणार कसं, ते जळूनच जातं. धूर मात्र येतो, पीयूसीवाला बघतो. आणखी एक हुशार सल्ला मिळाला होता की फ्लाइंग क्लबमधून विमानाचं पेट्रोल आण, त्यात अजून शिसं असतं. असतं खरं, छोट्या पिस्टन विमानांच्या हंड्रेड लो-लेडमध्ये आजही असतं. पण ते आपल्याला कोण देणार, आणि दिलं तरी घरच्या गॅरेजमध्ये पोरंबाळं असताना तो धूर कोण काढणार. नको रे बाबा.

तर हेडच्या कामाकडे. एक स्पष्ट करतो, चांगल्या चालत्या गाडीचं हेड मी फक्त यासाठी उतरवलं नसतं आणि तुम्हीही उतरवू नका. माझ्याकडे हेड गॅस्केटमधून पाणी झिरपत होतं, त्यामुळे हेड निघणारच होतं. त्याआधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घेतलं तर मधले दोन सिलिंडर, दोन आणि तीन नंबर, बाकीच्यांपेक्षा खाली. यालाही कारण आहे. या इंजिनात एक आणि चार नंबरला एक्झॉस्टचं आपापलं वेगळं पोर्ट (गॅस बाहेर जायची वाट) आहे, पण दोन आणि तीनला मिळून मधे एकच पोर्ट, त्यामुळे तो भाग सगळ्यात जास्त तापतो. हेड उलटं केलं तर नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं, मधले दोन एक्झॉस्ट व्हॉल्व कडेच्यांपेक्षा खोल बसलेले, कड बोटाला लागते इतकं.

कोल्हापूरच्या लोकांना उद्यमनगर सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. इथं एका गल्लीत पॅटर्न बनवणारा, पलीकडे लेथ, त्याच्या शेजारी क्रँक ग्राइंडिंगवाला, पुढे बोरिंगवाला, चहाची टपरी आणि परत लेथ. शेतीची ऑइल इंजिनं या भागाने पिढ्यानपिढ्या बनवली, त्यामुळे इंजिनाचं हेड घेऊन कोणी आलं की इथं कोणाला नवल वाटत नाही. मी गेलो ते दुकान बोर्ड बघून सापडणार नाही, बोर्डवर कलर उडालाय. आत एक सरफेस ग्राइंडर, एक सीट कटिंगचं मशीन, एक डीप फ्रीझर (त्याचं काम पुढे सांगतो), आणि मिस्त्री. वय साठीच्या पुढे, बोलणं कमी.

हेड टेबलावर ठेवलं. मिस्त्रींनी मधल्या सीटवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "घाटात लई पळवलीय."

मी म्हटलं, "मिस्त्री, नुसतं सीट कटिंग करून लॅपिंग करून देता का, की रिंगा बसवायच्या?" लॅपिंग म्हणजे व्हॉल्व सीटवर घासून जुळवणं, रिंगा म्हणजे त्याच नवीन कडक सीटा.

"कटिंग करून देतो की. पण आधीच खोल गेलंय, अजून कापलं की व्हॉल्व अजून आत जाणार. मग परत दोन वर्षांनी याल, तेव्हा कापायला काय उरणार नाही. रिंगा घाला आणि इसरा."

मला हे पटलं ते असं की जास्त पैशाचं काम सांगतानाही त्यांनी इनलेटला हात लावायचा नाही असं आपणहून सांगितलं. इनलेटच्या सीटांवरून सारखं थंड मिश्रण जात असतं, तिथं ही झीज होत नाही, तिथं आहे त्या सीटा साफ करून लॅप केल्या की बास. काही दुकानं आठच्या आठ बसवायला सांगतात, बिल दुप्पट. इथं फक्त चार एक्झॉस्ट.

आता काम कसं झालं ते जरा नीट सांगतो, कारण तुम्ही दुसऱ्या कुठल्या गावात करून घेणार असाल तर काय विचारायचं ते कळेल. पहिल्यांदा हेड धुऊन क्रॅक टेस्ट, लाल डाय मारून. हे सोडू नका. लोखंडी हेडला दोन व्हॉल्वच्या मधे चीर असते कधी कधी आणि रिंगेसाठी खाच कापल्यावर सापडली तर हेड भंगारात. दुसरं म्हणजे आधी गाइड, मग सीट. सीट कापायचं मशीन गाइडच्या भोकात पायलट घालून सेंटर घेतं, गाइडच झिजलेलं असेल तर सीट तिरकी कापली जाणार, मग कितीही महाग रिंग घाला. माझे एक्झॉस्टचे गाइड ढिले होतेच, ते बदलले. मग खाच कापणे. इथं मिस्त्री हातात चहा आला तरी बघत नव्हते, कारण खाली पाण्याचं जॅकेट आहे आणि किती बीड शिल्लक आहे ते बाहेरून दिसत नाही. रिंग खाचेपेक्षा किंचित मोठी असते, थाऊच्या (इंचाचा हजारावा भाग) हिशोबात. म्हणून रिंगा रात्रभर डीप फ्रीझरमध्ये, हेड गरम करून, आणि एका दमात ठोकून आत. एकदा बसली की दोन्ही एकाच तापमानाला येतात आणि ती हलत नाही. ढिली बसली तर चालत्या इंजिनात सुटते आणि पिस्टनवर पडते, त्यामुळे "लॉक टाईट (चिकटवायचं रसायन) लावून बसवतो" म्हणणाऱ्या दुकानातून हेड उचला आणि बाहेर पडा.

त्यानंतर सीट कापली, व्हॉल्व एक्झॉस्टचे नवीन घातले. जुनेच व्हॉल्व ग्राइंड करून चालले असते का? कदाचित. पण कडक सीटवर जुना मऊ व्हॉल्व घातला तर आता झीज व्हॉल्वची होणार, म्हणून ट्वेंटीवन-फोर-एन ग्रेडचे मागितले, हे एक्झॉस्टसाठीचं गरमी सोसणारं स्टील आहे. मिळायला वेळ लागला. शेवटी निळा रंग लावून व्हॉल्व फिरवून बघितला, पूर्ण गोलाकार पट्टा उमटला पाहिजे, तुटक नको. आणि व्हॉल्व बसवून पोर्टमध्ये पेट्रोल ओतून ठेवलं, खालून थेंब येतो का बघायला. एकही आला नाही. हे सगळं माझ्यासमोर केलं, मी मागितलं म्हणून नाही, त्यांची तशी रीतच आहे.

अर्धा स्टार कशाला कापला तो हिशोब. सांगितलेल्या तारखेला काम झालं नाही, "उद्या या" हे वाक्य एवढ्या वेळा ऐकलं की घरचे मला गॅरेजमध्येच झोपायला सांगायला लागले. कारण विचारलं तर ट्रॅक्टरचं काम मधे आलं म्हणे, पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याचं इंजिन आधी, यावर भांडता पण येत नाही. बिल वहीतल्या चतकोर कागदावर. आणि जे खरंच खटकलं ते म्हणजे हेड परत देताना पाण्याच्या वाटांमध्ये बिडाचा चुरा तसाच होता. तो तसाच बसवला असता तर रेडिएटरमध्ये जाऊन बसला असता. मी घरी आणून रॉकेलने धुतलं, मग पाण्याचा पाइप लावून उलटसुलट दोन्ही बाजूंनी पाणी मारलं, मग हवा. एवढं बारीक काम करणाऱ्या माणसाने शेवटची धुलाई पण करून द्यावी की.

पैसे सगळे मिळून, म्हणजे रिंगा, गाइड, चार व्हॉल्व, फेसिंग (हेडचा तळ सपाट करणं) आणि मजुरी, पंधरा हजाराच्या आत बसलं. गॅस्केट सेट वेगळा. तुमच्याकडे कमी-जास्त होईल, पार्ट कुठून मिळतात त्यावर आहे. तरी बाटल्यांचा दरवर्षीचा खर्च जोडून बघितला तर लांब पल्ल्याला वापरणाऱ्या माणसाला हे स्वस्तच पडतं, आणि मुख्य म्हणजे परत त्याचा विचार करावा लागत नाही.

बसवल्यावर हेडचे नट क्रमाने, टॉर्क रेंचने, मधून कडेला. थोडी पळवल्यावर परत एकदा नट बघितले आणि टॅपेट परत सेट केले, मी पंधरा थाऊ ठेवतो. आयडलिंग एकसारखं झालं, आधी सिग्नलला उभी असताना मधेच एक हुंदका द्यायची तो गेला. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये जो जीव जायचा तो थोडा परत आलाय, पण त्यात सीटचं श्रेय किती आणि नवीन गॅस्केट, नीट कॉम्प्रेशनचं किती हे वेगळं काढता येणार नाही, म्हणून त्याचे मार्क देत नाही. ज्याचे मार्क देतोय ते हे की त्यानंतर कोकणात उन्हाळ्यात, भरलेल्या गाडीने, घाट चढून-उतरून आल्यावर फीलर गेज घातलं तर एक्झॉस्टच्या चारही फटी जिथं ठेवल्या होत्या तिथंच. बाटली बंद केल्यावर.

आता जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते. शिशाचा विषय पंचवीस वर्षं जुना झाला हो, आजचा विषय इथेनॉल आहे आणि त्याबद्दल जुन्या गाडीवाले पुरेसं बोलत नाहीत. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या कार्बला (कार्बोरेटरला) ज्या जेटवर, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकावर, सेट केलंय त्यावर मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त गरम चालतं. आणि गरम होतं कोण सगळ्यात आधी? तोच आपला एक्झॉस्ट व्हॉल्व. म्हणजे शिसं नाही, वर पातळ मिश्रण, आणि खाली मऊ बिडाची सीट, तिन्ही एकत्र आलं की आधी जी झीज हळू होत होती ती जोरात व्हायला लागते. "पंचवीस वर्षं चालली की" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्या, त्यातली बरीचशी वर्षं हे पेट्रोल नव्हतं. कार्बचं मिश्रण थोडं रिच (पेट्रोल जास्त असलेलं) करून घ्या, प्लगचा रंग बघत बघत. पांढरा फटक प्लग दिसला की समजा पातळ चाललंय.

बाकी इथेनॉलचा त्रास सीटपुरता नाही. जुने रबरी होज फुगतात नाहीतर आतून सुटतात आणि त्याचे काळे कण जेटमध्ये. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) कडक होतो. टाकीच्या तळाला वर्षानुवर्षं चिकटलेली घाण इथेनॉल धुऊन आणतं, फिल्टर चोक. आणि ते हवेतलं पाणी ओढतं, कोल्हापूरच्या पावसाळ्यात चार महिने उभी गाडी म्हणजे टाकीत खाली पाणी-इथेनॉल वेगळं होऊन बसणार, पत्र्याच्या टाकीला गंज. मी सगळे होज इथेनॉल चालणारे घातले, फिल्टर जोडून टाकला जो काचेचा आहे म्हणजे दिसतं तरी. पावसाळ्याआधी शेवटची टाकी इंडियन ऑइलच्या एक्सपी हंड्रेडने भरतो, कारण त्यात इथेनॉल नसतं. सगळीकडे मिळत नाही आणि साध्याच्या मानाने फारच महाग, त्यामुळे रोज परवडणारं नाही, पण उभ्या गाडीसाठी एक टाकी परवडते. शंभर ऑक्टेन आहे म्हणून अँबी विमानासारखी पळेल असं मात्र समजू नका, तिला त्यातलं काही कळत नाही.

कोणी विचारेल मग बाटली घ्यायचीच नाही का. ज्याचं हेड अजून एकदाही उतरलं नाही, गाडी चांगली चालते, आणि वर्षातून एकदा रॅलीला किंवा गावच्या लग्नाला लांब जायचंय, त्याने त्या प्रवासापुरती जरूर घ्यावी, प्रकार एकच ठेवावा. सिटीत फिरणाऱ्याने तेच पैसे होज आणि फिल्टरवर घालावेत. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून २०२१ च्या नियमाखाली व्हीए सिरीजचा नंबर घेऊन ठेवणारे तर अशी कितीशी पळवणार, नियमच रोजच्या वापराला नको म्हणतो, त्यांना ना बाटली लागते ना रिंगा. ज्याचं हेड कुठल्याही कारणाने उतरतंय त्याने मात्र रिंगा घालूनच परत बसवावं, हेड परत परत काढण्यात काही मजा नाही आणि जुने मॅनिफोल्डचे स्टड तुटले की वेगळंच महाभारत.

उद्यमनगरात जाणार असाल तर जून-जुलै टाळा, पेरणीचं सांगितलंच. हेड नेताना व्हॉल्व पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोचून न्या, पुशरॉडसुद्धा. जुने व्हॉल्व आणि कापून निघालेलं सामान परत मागून घ्या. सोमवारी जाऊ नका, इथली औद्योगिक सुट्टी सोमवारची, बऱ्याच दुकानांची शटरं खाली असतात. आणि हेड ताब्यात घेताना पाण्याच्या वाटेत बोट घालून बघा, चुरा लागला तर तिथंच हवा मारून मागा, कॉम्प्रेसर दाराशीच आहे.